गच्चीवरचा टॉवर, धुक्यातली बोट

२ सप्टेंबर

प्रिय टिल्लू,

तुझा मोबाइलचा टॉवर आमच्या गच्चीवर उभा राहिला एकदाचा. तुझ्या कंपनीची माणसं बुटांसकट जिन्यावरून वरखाली नाचली आणि जाताना मला एक छत्री आणि एक पेन देऊन गेली. दोन्हींवर कंपनीचं नाव आहे. पेन उठत नाही, म्हणून हे पत्र माझ्याच पेनाने लिहिते आहे. छत्री अजून उघडून पाहिलेली नाही.

धक्क्याजवळ सगळ्यात उंच गच्ची आमची, ती मिळाली तर चाचणीचं काम तुझ्याकडे येणार आणि चाचणी पार पडली की तुझी बढती, असं तू सांगितलंस. शाळा संपेपर्यंत ज्याचे गुडघे मी पुसले, त्याच्या बढतीपुढे गच्चीचं काय कौतुक! तुझ्या काकांनी तर तुझ्या माणसांची शिडी धरली. सुट्टीचा दिवस होता, बोटीवर जायचं नव्हतं, म्हणून अगदी हौसेने धरली.

टॉवर काही देखणा नाही. त्याच्या पायाशी कपाटाएवढी एक पेटी आहे, ती आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर दिवसरात्र घुंऽऽ करत असते. काका म्हणतात, सवय होईल. माझ्या बोलण्याची झाली तशी.

एक विचारायचं राहिलं. टॉवर सुरू झाल्यापासून काकांच्या फेरीबोटीवरचं वाट दाखवणारं ते उपग्रहाचं यंत्र धक्क्याजवळ आलं की अडखळतं, असं काका म्हणतात. पडद्यावरची चिमुकली बोट थरथरते, मध्येच नाहीशी होते. हे टॉवरमुळे होत असेल का? तुला ठाऊक आहे, यंत्रं आल्यावर बंदर कचेरीने खाडीच्या तोंडावरचे, पाण्यावर तरंगणारे घंटेचे बोये काढून टाकले. धुक्यात आता काकांना त्या पडद्याशिवाय दुसरा आधार नाही. धुक्याच्या मोसमाला अजून अवकाश आहे, पण तू विचारून ठेव.

तुझी मावशी

१४ सप्टेंबर

आदरणीय मावशी,

आपले पत्र मिळाले. चाचणी प्रकल्पास आपण दिलेल्या सहकार्याबद्दल कंपनी आपली आभारी आहे.

आपण उपस्थित केलेल्या मुद्द्याबाबत खुलासा असा की, हवेतील लहरींचे पट्टे पाडून सरकार ते वेगवेगळ्या कामांसाठी देत असते. आमच्या कंपनीस मिळालेला पट्टा उपग्रहांच्या पट्ट्यास लागून आहे. कंपनी स्वतःच्या पट्ट्याबाहेर तसूभरही जात नाही. मात्र काही जुनी यंत्रे आपल्यापुरते न ऐकता शेजारच्या पट्ट्यातलेही ऐकतात. उपग्रहाचा आवाज फार दुरून येत असल्याने मुळातच क्षीण असतो, त्यामुळे तो अशा यंत्रांना ऐकू येईनासा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. ही बाब सदर यंत्रांच्या श्रवणशिस्तीशी निगडित असून तिचा कंपनीशी संबंध नाही.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, जनसंपर्क व शासकीय समन्वय

ता. क. मावशी, रागावू नकोस. हे फाइलला लावावं लागतं म्हणून असं लिहिलंय. आणि या विषयावर मला फोन किंवा मेसेज करू नकोस. आमच्याकडचे सगळे जपून ठेवले जातात. घरच्या पत्त्यावर पत्रच बरं. – टिल्लू

२० सप्टेंबर

आदरणीय व्यवस्थापक, जनसंपर्क व काय ते,

जगभरच्या माणसांना बिनतारी बोलायला लावणारी कंपनी, आणि तिच्या माणसाला मावशीशी बोलायला टपालाचं तिकीट लागतं. लिहीन हो, पत्रच लिहीन. शाळेतल्या सिस्टरनी माझं अक्षर वळवायला काय कमी मेहनत घेतली का?

तुझा खुलासा मी काकांना दोनदा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हणजे टॉवरमुळेच होतंय ना?" मी म्हटलं, "हो, पण संबंध नाही." ते म्हणाले, "बरं."

मला समजलं ते असं. शेजाऱ्याने आपल्या भिंतीला टेकून लाकूड कापायचा कारखाना घातला. आपल्याकडे आजारी माणूस हळू आवाजात पाणी मागतंय आणि ते आपल्याला ऐकू येईना. तक्रार करायला गेलं, तर शेजारी म्हणतो, मी माझ्याच जागेत आहे, तुमच्याच कानांना शिस्त नाही. श्रवणशिस्त! हा शब्द तुला सुचला की तुमच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस ठेवलाय?

यंत्राला कानात बोळे घालायची काही सोय असेल तर ती तरी करा. आणि धुक्याच्या आधी करा.

मावशी

८ नोव्हेंबर

टिल्लू,

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. आता हे वाच.

मंगळवारी सकाळच्या फेरीला दाट धुकं होतं. काका पडद्यावरच्या रेषेवरून बोट आणत होते. धक्का जवळ आला आणि यंत्राला उपग्रहांचं ऐकू येईनासं झालं. पण यंत्राने तसं सांगितलं नाही. बोट आधी जशी जात होती तशीच सरळ जात असेल असं गृहीत धरून ते पडद्यावर तिला पुढे सरकवत राहिलं. पाणी मात्र बोटीला बाजूला ओढत होतं. पडद्यावर बोट रेषेवर होती आणि खरी बोट वाळूच्या दांड्यावर जाऊन बसली.

कुणाला काही लागलं नाही, एवढं नशीब. भरतीची वाट बघत सगळे दुपारपर्यंत वाळूवर बसून होते. कामाला निघालेल्या बायका, शाळेच्या मास्तरीणबाई, दवाखान्याची वेळ घेतलेले आजोबा. काका प्रत्येकाजवळ जाऊन माफी मागत होते. त्या आजोबांनी उलट त्यांनाच आपल्या डब्यातलं खायला दिलं म्हणे.

बंदर कचेरीने काकांना बोटीवरून उतरवलं. चौकशी समिती नेमली. कचेरीतला साहेब म्हणाला, "कॅप्टन, या वयात डोळे दगा देतात, मनाला लावून घेऊ नका." डोळे! त्यांचे डोळे तपासले. उत्तम निघाले. तर म्हणे, डोळे चांगले असले तरी लक्ष चांगलं असेलच असं नाही.

समितीने ठरवलं तर काकांचा परवाना जाणार. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. ती वर्षं महत्त्वाची नाहीत रे. आयुष्यभर बोट चालवलेल्या माणसाला शेवटी सगळं गाव "वाळूवर घालणारा कॅप्टन" म्हणणार, हे आहे. दोन दिवस ते धक्क्याच्या बाजूची खिडकी लावून बसलेत.

तू समितीला फक्त खरं सांग. तुझ्याच कागदात लिहिलेलं आहे, "शक्यता नाकारता येत नाही." आता नाकारू नकोस म्हणजे झालं.

मावशी

१९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

वाचून फार वाईट वाटलं. काकांना सांग, मी रोज त्यांची आठवण काढतो.

मी स्वस्थ बसलेलो नाही. समितीच्या तज्ज्ञांनी बुधवारी येऊन बोटीवरचं यंत्र तपासलं, हे तुला कळलं असेल. आमचे अभियंते हजर होते. बोट धक्क्यापासून दांड्यापर्यंत फिरवली. यंत्र एकदाही अडखळलं नाही. त्यामुळे टॉवरचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या निकालात निघाला आहे. यात मी काय करू शकतो, तूच सांग.

मला वाटतं, काकांनी आपणहून निवृत्ती घ्यावी. प्रकृतीचं कारण द्यावं. मी इथून शब्द टाकला तर कचेरी त्यांचा निरोप समारंभ करेल, मानपत्रही देईल. मानपत्राचा मजकूर मी स्वतः लिहीन.

वर्षाखेरीला माझ्या बढतीचा निर्णय आहे. अशा वेळी मी घरच्या माणसासाठी कंपनीविरुद्ध बोललो असं दिसलं, तर तुला कल्पना आहेच.

तुझा,
टिल्लू

२३ नोव्हेंबर

टिल्लू,

बुधवारी सकाळी मी गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होते. तुझी पेटी गप्प होती. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच गप्प. मला आधी वाटलं, माझेच कान गेले. मग खाडीत पाहिलं, तर समितीची बोट फिरत होती. दुपारी समिती जेवायला गेली आणि डोक्यावर पुन्हा घुंऽऽ सुरू झालं.

तुझ्या कंपनीत फोन करून विचारलं. एका गोड मुलीने सांगितलं, "मॅडम, त्या दिवशी नियोजित देखभाल होती." काय पण नियोजन!

कारखाना बंद ठेवून आजाऱ्याचा आवाज ऐकू येतो का ते पाहिलं, आणि ऐकू आला म्हणून कारखान्याला प्रमाणपत्र दिलं. ही युक्ती ज्याने काढली त्याला शाळेत असताना सिस्टरनी वर्गाबाहेर बेंचवर उभं केलं असतं. तुमच्याकडे त्याला गाडी देत असतील.

शुक्रवारी सुनावणीला मी काकांबरोबर गेले होते. तुमच्या कंपनीचं निवेदन वाचलं. "वयपरत्वे येणारी एकाग्रतेतील स्वाभाविक घट आणि आधुनिक साधनांशी जुळवून घेण्यातील भावनिक अडसर." एवढं घाणेरडं वाक्य इतकं गोड लिहिणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्याला निबंध लिहायला मी शिकवलं. काकांनीही ओळखलं. घरी येताना एवढंच म्हणाले, "भाषा छान आहे हो त्याची."

मानपत्र लिहिण्याची तसदी घेऊ नकोस. तुझा हात त्यात किती बसलाय, हे आम्ही पाहिलं.

मी समितीच्या अध्यक्षबाईंना पेटीबद्दल सांगितलं. त्या ऐकून घेणाऱ्या दिसल्या. म्हणाल्या, पुन्हा चाचणी घेऊ, धुक्यात घेऊ, आणि कंपनीच्या वरिष्ठांना बोटीवर बोलावू. आता पाहू तुझी देखभाल कधी येते ती.

– मावशी

६ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. ते निवेदन मीच लिहिलं. पेटी बंद ठेवणार आहेत हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. यापुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कामाचं लिहितो.

दुसऱ्या चाचणीची व्यवस्था माझ्याकडे आली आहे. १७ तारखेची सकाळ ठरली. त्या आठवड्यात तुमच्याकडे रोज धुकं असतं. आमचे संचालक स्वतः येणार आहेत. आता एवढी मोठी माणसं बोटीवर असणार, तर नुसतं यंत्राकडे बघत बसण्यापेक्षा आमच्या नेटवर्कचं प्रात्यक्षिकही तिथेच करावं, असं मी सुचवलं. भर खाडीत, धुक्यात, बोटीच्या केबिनमधून थेट मुख्य कार्यालयाशी व्हिडिओवर बोलणं. मोठा पडदा, वार्ताहर, सगळं. संचालकांना कल्पना फारच आवडली. त्यांनी माझी पाठ थोपटली.

निमंत्रणपत्रिका सोबत पाठवतो. काकांनाही बोटीवर यायला सांग. त्या दिवशी सुकाणू दुसऱ्या कॅप्टनकडे असेल, आणि कचेरीची बचावबोट मागे असेल.

टिल्लू

१० डिसेंबर

टिल्लू,

पत्रिका मिळाली. कडेला सोनेरी वेलबुट्टी आहे. काकांच्या परवान्याचा निकाल लागायचा त्या दिवशी तुझ्या साहेबांचं भाषण! वर काकांनी येऊन ते ऐकायचं. पाठ थोपटली म्हणतोस, मग उशीर कशाला, शेपूटही हलव.

मी मघाशी गच्चीवर जाऊन आले. पेटीची वायर आमच्याच मीटरमधून जाते आणि मीटर आमच्या जिन्याखाली आहे. १७ तारखेला तुझे साहेब तोंड उघडतील तेव्हा मी बटण दाबून टॉवर बंद करणार आहे. होऊ दे काय व्हायची ती फजिती. कंपनीला सांग, नियोजित देखभाल होती.

मावशी

१३ डिसेंबर

मावशी,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. मीटरला हात लावू नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी टॉवर त्या सकाळी पूर्ण ताकदीने चालू राहायला हवा. कोणी दार वाजवून बंद करायला सांगितलं तरी ऐकू नकोस.

का, ते विचारू नकोस. लहानपणी मी "का" विचारलं की तू म्हणायचीस, आधी कर. आता माझं एकदा ऐक.

टिल्लू

१८ डिसेंबर

प्रिय मावशी,

काल तुला भेटताही आलं नाही. बोट लागताच संचालकांनी मला गाडीत घातलं आणि वाटेतल्या स्टेशनवर उतरवलं. तू धक्क्यावर उभी होतीस, पण धुक्यात तुला आमच्या बोटीचा भोंगा तेवढा ऐकू आला असेल. काका काही सविस्तर सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

केबिनमध्ये दोन पडदे होते. डावीकडे काकांचं यंत्र. उजवीकडे आमचा मोठा पडदा, त्यावर मुख्य कार्यालयातली मंडळी टाय लावून बसलेली. खाडीच्या मध्यापर्यंत सगळं ठीक. टॉवर टप्प्यात आला तसं उजवीकडचं चित्र लख्ख झालं आणि संचालकांनी भाषण सुरू केलं. "अंतर आता उरलेलंच नाही," असं काहीतरी. ते वाक्य माझंच.

तेवढ्यात डावीकडची बोट थरथरली, नाहीशी झाली, आणि पुन्हा उगवली ती गावातल्या बागेत. कारंज्याशेजारी. तिथून ती हळूहळू बाजाराकडे निघाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "कॅप्टन, आपण आत्ता भाजी घ्यायला चाललोय का?"

त्या कॅप्टनने बिचाऱ्याने इंजिनच बंद केलं.

आमचा अभियंता माझ्या कानाशी लागला, "साहेब, दोन मिनिटं टॉवर बंद करू का? यंत्र ताळ्यावर येईल." मी म्हटलं, "विचारा संचालकांना." त्याने विचारलं. टॉवर बंद केला असता, तर पलीकडची मंडळी पडद्यावरून गेली असती, वार्ताहरांच्या देखत. संचालक हसत हसत दातांतून म्हणाले, "खबरदार, लाइन तुटली तर."

अध्यक्षबाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे लाइन तोडली तर हे यंत्र बरं होईल?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जनसंपर्क ना? मग करा संपर्क. टॉवर बंद करायला सांगा."

मी फोन लावला. उजवीकडे आमच्या कंपनीचे अध्यक्ष अर्ध्या जांभईत गोठले. तोंड सताड उघडं. आणि डावीकडची बोट बाजारातून उडी मारून परत पाण्यात आली, थेट रेषेवर.

"आता चालू करा," त्या म्हणाल्या. आता फोन लागेना, तेव्हा कचेरीच्या जुन्या बिनतारीवरून सांगितलं. अध्यक्षांची जांभई पुरी झाली आणि बोट पुन्हा कारंज्यापाशी. अध्यक्षबाईंनी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी वार्ताहरच आधी ओरडायला लागले, "गेली बागेत!"

काका सगळा वेळ कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे होते. हसले नाहीत. शेवटी त्यांनी टोपी डोक्यावर घातली, एवढंच मी पाहिलं.

मी काही ठरवून केलं असं समजू नकोस. मी फक्त संचालकांची हौस पुरवली. त्यांना नेटवर्क दाखवायचं होतं, समितीला यंत्र. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणी दाखवायचं राहून गेलं होतं, तेवढं जुळवून आणलं. समन्वय हेच माझं काम.

आज सकाळी मला "इतरत्र उपलब्ध असलेल्या संधींचा विचार" करायला सांगितलं. वाक्य चांगलं होतं. मी लिहिलेलं नव्हतं.

काकांना काय सांगू ते कळत नाही. ते निवेदन त्यांनी वाचलं आहे. ते वाक्य मी परत कसं घेऊ?

तुझा,
टिल्लू (पद रिकामं)

९ जानेवारी

प्रिय टिल्लू,

माझं शेपटीचं वाक्य मी परत घेते. बाकीची टोचणी तशीच ठेवते, तुझ्या अंगाला ती मानवते.

समितीचा अहवाल आला. काकांचे डोळे, लक्ष आणि वय तिन्ही निर्दोष ठरले. परवाना परत मिळाला. बोट वाळूवर का गेली, तर "शेजारील दोन तंत्रज्ञानांमधील सुसंवादाच्या अभावामुळे". म्हणजे कुणामुळेच नाही. पेटी बंद ठेवणाऱ्याचं नाव अहवालात कुठेही नाही. तुझ्या कंपनीने पेपरात दिलं, "चाचणी यशस्वी, नेटवर्कची ताकद अपेक्षेहून अधिक". तुझ्या जागी आलेल्याला काम जमतंय म्हणायचं.

टॉवर उतरवला. म्हणजे आमच्या गच्चीवरून उतरवला. सरकार विचार करतंय, आणि कंपनी खाडी नसलेलं गाव शोधतेय म्हणे. तिथे विमानं उतरतात की रुग्णवाहिका धावतात, ते तिथल्या कुणा मावशीने बघावं.

काका सोमवारपासून बोटीवर जायला लागले. पहिल्या फेरीला दवाखान्याचे आजोबा मुद्दाम आले होते, दवाखान्यात काही काम नसताना. मास्तरीणबाई मात्र अजून पाटीवर कॅप्टनचं नाव वाचूनच चढतात. उतरेल हळूहळू तो संशय. सगळं उतरेल असं नाही.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. जांभईला ते हसले, अगदी ठसका लागेपर्यंत. मग शेवटचा भाग वाचला, त्या वाक्याचा. मी म्हटलं, "अहो, तो यायचं म्हणतोय बहुतेक, पण तोंड दाखवायला लाजतोय. काय कळवू?"

बराच वेळ बूट पुसत बसले. उठताना म्हणाले, "त्याला सांग, धुकं असेल त्या दिवशी माझ्या बोटीने ये. उन्हात काय, कोणीही आणेल."

तुझी,
मावशी